तक्त्यात न बसणारी अर्थव्यवस्था

आर्थिक व्यवस्था म्हणजे काय पिकवायचे, काय बनवायचे, त्यातले कुणाच्या पदरात किती पडायचे आणि हे सगळे ठरवायचे कुणी, याची समाजाने लावलेली तजवीज. शाळेत तिची ओळख तीन रकान्यांच्या तक्त्याने होते. पहिल्या रकान्यात भांडवलशाही : खासगी मालकी, नफ्याची प्रेरणा, बाजारात ठरणारा भाव. दुसऱ्यात समाजवाद : सरकारी मालकी, नियोजन, समान वाटप. तिसऱ्यात मिश्र अर्थव्यवस्था, आणि तिच्यापुढे उदाहरण म्हणून भारत. परीक्षा संपली की तक्ता विसरला जातो. पुढे तिशी-चाळिशीत कधीतरी घराचे कर्ज, बजेटची बातमी किंवा जेवणाच्या टेबलावरची वादावादी निमित्त होते आणि माणूस हा विषय नव्याने, आपल्या आपण शिकायला बसतो.

दिल्लीत अशी मराठी माणसे बरीच भेटतात. ओल्ड राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगरच्या खोल्यांत लोकसेवा आयोगाची तयारी करणारे इंजिनिअर, डॉक्टर आणि कृषी पदवीधर अर्थशास्त्राला पहिल्यांदा भिडतात ते इथेच. केंद्राच्या नोकरीत बदलून आलेले, गुडगाव-नोएडाच्या कंपन्यांत रमलेले, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारे, असेही पुष्कळ. त्यांच्यापुढे येतो तो पुन्हा तोच तक्ता, फक्त आता झेरॉक्सच्या नोट्समधून. तक्ता खोटा नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. आधी नावे पाठ करायची आणि मग त्या नावांत बसणाऱ्या वस्तू शोधायच्या, हा मुलांना परीक्षेला बसवण्याचा मार्ग झाला. प्रौढाने वस्तूपासून निघावे.

कारण मुलाजवळ नसलेले भांडवल त्याच्याजवळ असते. त्याने रेशनच्या दुकानासमोर उभे राहून पाहिलेले असते, भाडेकरार केलेला असतो, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब तपासलेला असतो, भाजीवाल्याशी घासाघीस केलेली असते. अडचणही त्याचीच असते : बहुतेक प्रौढांनी बाजू आधीच निवडलेली असते आणि अभ्यास तिच्या समर्थनासाठी सुरू होतो. त्यावर एक साधा उपाय आहे. समोर येणाऱ्या कोणत्याही व्यवहाराला चार प्रश्न विचारायचे. मालकी कुणाची? निर्णय कुणाचा? भाव कशाने ठरतो? तोटा आला तर तो कुणाच्या माथी? ही चार उत्तरे एकाच नावाखाली क्वचितच बसतात, आणि विषय सुरू होतो तो तिथून.

दिल्लीत याचा सगळ्यात सोपा धडा दुधाचा. या शहरात दूध निदान चार वाटांनी घरी येते. पहिली वाट ‘दिल्ली दूध योजने’ची. १९५९ मध्ये सुरू झालेली ही योजना केंद्र सरकारचे खाते म्हणून चालली. टपालखाते असते तसे दूधखाते, कारखाना पश्चिम पटेलनगरात. भाव सरकार ठरवणार आणि तोटा तिजोरी सोसणार. भाव बाजारापेक्षा कमी ठेवला की मागणी पुरवठ्याच्या पुढे धावते, म्हणून एके काळी या दुधासाठी कार्ड लागत असे आणि पहाटे बूथपुढे रांग लागत असे. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये समाजवादी देशांतल्या टंचाईवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा दिल्लीतल्या त्या पिढीला पुस्तकाशिवाय कळला असता : वस्तूची किंमत पैशात चुकवायची नसेल तर ती वेळात चुकवावी लागते.

दुसरी वाट मदर डेअरीची, १९७४ पासूनची. बूथच्या खिडकीत पैसे देऊन टोकन घ्यायचे, यंत्राच्या खाचेत टाकायचे, नळाखाली किटली धरायची. ठरलेले माप पडले की धार आपोआप थांबते. ही डेअरी कुणाची, असे रांगेतल्या चौघांना विचारले तर उत्तरे वेगवेगळी मिळतील. कुणी सरकारी म्हणेल, कुणी सहकारी, कुणी कंपनी. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मदर डेअरी ही कायद्याच्या दृष्टीने कंपनी आहे, तिची संपूर्ण मालकी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे आहे, आणि ते मंडळ संसदेच्या १९८७ च्या कायद्याने वैधानिक संस्था झालेले आहे. तिसरी वाट अमूलची. तिचे मालक गुजरातचे दूध उत्पादक सभासद, आणि मूळ १९४६ च्या खेडा जिल्हा संघात. चौथी वाट खासगी डेअऱ्यांची, आणि गाझीपूर किंवा भलस्व्याच्या गोठ्यांतून कॅन घेऊन निघणाऱ्या दूधवाल्याची. त्याचा भाव, उधारी आणि दुधातले पाणी या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाशी असलेल्या नात्यावर ठरतात.

या दुधाच्या मागे अजून एक धागा आहे, आणि तक्त्याची खरी पंचाईत होते ती त्याच्यामुळे. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ला सुरुवातीचे भांडवल मिळाले ते युरोपीय आर्थिक समुदायाने दान दिलेल्या दूध पावडरीतून आणि बटर ऑइलमधून. त्यांचे दूध करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत विकायचे आणि आलेल्या पैशातून सहकारी डेअऱ्या उभ्या करायच्या, अशी ती योजना. युरोपात ही पावडर साचली कशी? तिथल्या सरकारांनी शेतकऱ्यांना चढ्या भावाची हमी दिली म्हणून. म्हणजे भांडवलशाहीच्या रकान्यातल्या देशांनी भाव बांधून दिल्यामुळे झालेला ढीग, मिश्र रकान्यातल्या देशाच्या सरकारी मंडळाने, रकानाच नसलेल्या सहकाराच्या उभारणीसाठी विकला. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तेव्हापासून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे अर्थकारण आणि राजकारण सहकाराभोवती फिरत आले आहे. तरी मराठी पाठ्यपुस्तकातल्या व्यवस्थांच्या तक्त्यात सहकार अभावानेच सापडतो, ही मजेशीर गोष्ट आहे.

जमिनीचा धडा मेट्रोच्या दोन मार्गांवर उरकतो. दिल्लीत १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे ‘डीडीए’, स्थापन झाले. १९६१ पासून शहराच्या कडेची जमीन मोठ्या प्रमाणावर सरकारने संपादन करायची, विकसित करायची आणि पट्ट्याने द्यायची, असे धोरण आले. फ्लॅट सोडतीत लागला तर नशीब. हरियाणाने १९७५ च्या कायद्याने खासगी विकासकाला परवाना घेऊन वसाहत उभारू दिली, त्यातून आजचे गुडगाव उभे राहिले : काचेच्या इमारती आधी आणि गटारे मागाहून. १९७६ मध्ये, आणीबाणीत, उत्तर प्रदेशाने नोएडा वसवले. तिथे प्राधिकरण जमीन घेते आणि ९० वर्षांच्या पट्ट्याने देते. एकाच महानगरात तीन व्यवस्था. आणि तिन्हींच्या फटींतून वाढलेली चौथी : केंद्राने २०१९ मध्ये मालकी हक्क देण्यासाठी हाती घेतलेल्या दिल्लीतल्या अनधिकृत वसाहतींची संख्या १,७३१ होती. सरकारने जमीन हाती घेतली पण घरे पुरेशी बांधली नाहीत, तेव्हा लोकांनी आपला बाजार आपण उघडला. त्यात कागद होता तो मुखत्यारपत्राचा आणि भरवसा होता तो ओळखीच्या प्रॉपर्टी डीलरचा.

शब्द सुटे करायला गुडगावचीच दुसरी गोष्ट उपयोगी पडते. मराठीत खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची ‘खाउजा’ अशी मोट बांधण्याची पद्धत आहे. भाषणाला ती सोयीची असली तरी अभ्यासात तिने घोटाळा होतो, कारण तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या वेळी घडतात. मारुती उद्योग ही १९८१ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. १९८२ मध्ये जपानची सुझुकी तिच्यात २६ टक्क्यांची भागीदार झाली, म्हणजे परदेशी भांडवल सरकारी कारखान्यात आले ते १९९१ च्या आर्थिक सुधारणांच्या आधी नऊ वर्षे, ते जागतिकीकरण. पहिली गाडी बाहेर पडली डिसेंबर १९८३ मध्ये. मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना उठला १९९३ मध्ये, ते उदारीकरण. कंपनीचा ताबा सुझुकीकडे गेला २००२ मध्ये आणि सरकारने उरलेला शेवटचा हिस्सा विकला २००७ मध्ये, ते खासगीकरण. एका कंपनीच्या इतिहासात ‘खाउजा’ची तीन अक्षरे सुटी सुटी दिसतात, आणि त्यांचा क्रम घोषणेतल्यापेक्षा निराळा निघतो.

भाव म्हणजे काय हे समजायला मात्र कांद्याइतका चांगला गुरू नाही, आणि हा गुरू मराठी माणसाच्या घरचा आहे. नाशिकचा कांदा लासलगावला किंवा पिंपळगावला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो. व्यापारी ट्रॉलीभोवती उभे राहतात, चार कांदे दाबून पाहतात, बोली होते आणि मिनिटा-दोन मिनिटांत शेतकऱ्याच्या काही महिन्यांच्या कष्टांचा भाव फुटतो. तिथून ट्रक निघतो तो दिल्लीच्या आझादपूर मंडीत. तिथे आढती माल उतरवून घेतो, पल्लेदार गोणी वाहतात, ‘मासाखोर’ मोठ्या ढिगातून छोटे ढीग पाडतात आणि संध्याकाळी तोच कांदा लक्ष्मीनगरच्या हातगाडीवर दिसतो. मध्ये किती हात लागले हे मोजणे सोपे आहे. त्यातला कोणता हात फुकटचा आणि कोणता कामाचा, हे ठरवणे अवघड. ‘दलाल नको’ म्हणणाऱ्या नवशिक्याने उधारी कोण देतो, सडलेल्या मालाचा तोटा कोण सोसतो आणि भाव पडल्यावर ट्रक कोण परत पाठवतो, हे आधी पाहावे. आणि दलालाची बाजू घेणाऱ्याने बोली लावणारे किती आहेत तेही मोजावे, कारण चार-पाच ओळखीच्या माणसांतल्या लिलावाला मोकळा बाजार म्हणणे धाडसाचे आहे.

कांद्याचा भाव चढतो तो ठरावीक काळात. उन्हाळ कांदा एप्रिलपासून चाळीत भरून ठेवला जातो आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो. मधल्या दिवसांत पाऊस लांबला की चाळीतला कांदा सडतो आणि शेतातला नासतो. दिवाळीही तेव्हाच येते, आणि बऱ्याचदा निवडणुकाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीतल्या सुषमा स्वराज सरकारच्या पराभवामागे महाग कांदा होता हे सर्वश्रुत आहे. त्याआधी जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीतही कांद्याचा भाव प्रचारात गाजला. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या चाकणला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याला भाव मिळत नाही म्हणून रस्ता अडवला. दिल्लीला महाग वाटलेला कांदा आणि चाकणला मातीमोल झालेला कांदा यांत काही महिन्यांचेच अंतर होते.

सरकार मध्ये पडते तेव्हा काय होते, याचाही धडा ताजा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही किमान निर्यातमूल्याच्या आणि शुल्काच्या अटीवर. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला कांदा दिल्लीत ३५ रुपये किलोने गाड्यांवरून विकला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये १,६०० टन कांदा घेऊन एक मालगाडी नाशिक भागातून दिल्लीच्या किशनगंज स्थानकात आली. वर्तमानपत्रांनी तिला ‘कांदा एक्स्प्रेस’ म्हटले. हा समाजवाद की बाजार? प्रश्नच चुकला आहे. चार प्रश्न लावले की चित्र उघडे पडते : मालकी शेतकऱ्याची, निर्यातीचा निर्णय दिल्लीचा, भाव लिलावाचा, आणि बंदीचा तोटा पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी. जोखीम खासगी आणि भावाची वरची मर्यादा सरकारी, अशा या रचनेला पाठ्यपुस्तकात नाव नाही.

इथवर आल्यावर दोन मोठे लेखक वाचता येतात. आधी वाचले तर ते नुसते मत वाटतात. फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ च्या एका निबंधात मांडले की विखुरलेल्या लाखो माणसांजवळची माहिती कोणत्याही मंडळाला गोळा करता येत नाही, ती भावातून आपोआप पोहोचते. लासलगावचा भाव वाढला की चाळीत कांदा राखून ठेवणाऱ्याला दिल्लीच्या बातम्या वाचाव्या लागत नाहीत. अमर्त्य सेन १९६३ ते १९७१ या काळात ‘दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये शिकवत होते. त्यांनी १९८१ च्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब मांडून दाखवले की अन्न असूनही माणसे मरतात, कारण ते विकत घेण्याची ऐपत हातातून गेलेली असते. भावाला खिशातल्या पैशाचीच हाक ऐकू येते, रिकाम्या पोटाची येत नाही. हे दोघे एकमेकांना खोडत नाहीत. भाव काय सांगतो आणि काय सांगत नाही, याच्या दोन बाजू ते दाखवतात. नवशिक्याने दोघांपैकी एकालाच वाचू नये.

पैशाच्या व्यवहारात न दिसणारा भागही व्यवस्थेतच येतो. दिल्ली, गुडगाव आणि नोएडाच्या लेबर चौकात सकाळी सात-आठच्या सुमारास मजूर, गवंडी, रंगारी उभे असतात. किमान वेतनाचा कायदा असतो, पण दहानंतर उभा असलेला माणूस मिळेल त्या मजुरीला तयार होतो. घरात तर मजुरीच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. व्यवस्थांवरच्या बहुतेक जाड ग्रंथांत त्याला तळटीपेपेक्षा जास्त जागा मिळत नाही, हा त्या ग्रंथांचा दोष मानावा.

पुस्तकांकडे वळताना मराठी वाचकाने आपल्या कपाटाला कमी लेखू नये. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. संपत्तीचे शास्त्र मराठीत समजावण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी ते एक. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. अर्थशास्त्राची परिभाषा त्यात नाही, पण शेतसारा, सावकार, कारकून, जंगलखाते आणि कालवा यांची एकमेकांत गुंतलेली साखळी त्यात जशी दिसते तशी अनेक पाठ्यपुस्तकांत दिसत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान इंग्रजीत आहे. त्याचा रोख असा, की इंग्लंडात घडलेले नियम सगळ्या देशांना सारखे लागू आहेत असे धरून चालणे चूक आहे. व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा चांगली पहिली सावधगिरी मिळणार नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचा ‘रुपयाचा प्रश्न’ (१९२३) मोठा असला तरी नवशिक्यासाठी नाही. चलनाची परिभाषा आल्यावाचून तो घशाखाली उतरत नाही. त्याऐवजी १९१८ चा छोट्या शेतजमिनींवरचा निबंध घ्यावा. लहान शेत हा मूळ रोग नाही, जमिनीवर माणसे फार आणि भांडवल थोडे हा रोग आहे, आणि उपाय उद्योगीकरणात आहे, असे तो सांगतो. शेतीच्या प्रश्नाचे उत्तर शेताबाहेर असू शकते ही उडी पहिल्या वाचनात धक्का देते. हा निबंध आणि १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात आहेत. अलीकडच्यांपैकी अच्युत गोडबोले यांचे ‘अर्थात’ अर्थविचारांचा इतिहास गोष्टीसारखा सांगते. वि. म. दांडेकरांनी पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेची ‘अर्थबोधपत्रिका’ त्यामानाने कमी लोकांपर्यंत पोहोचते, पण मराठीत सलग अर्थविचार वाचायचा तर तिला तोड नाही.

तुलना शिकायची असेल तर १९४४ हे साल निवडावे. स्वातंत्र्य दारात होते आणि एका वर्षात देशापुढे तीन आराखडे आले. टाटा, बिर्ला, दिल्ली क्लॉथ मिलचे लाला श्रीराम आदी उद्योगपतींचा ‘बॉम्बे प्लॅन’ १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये खर्चण्याचा होता. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मंडळींचा ‘पीपल्स प्लॅन’ १० वर्षांत १५,००० कोटींचा. श्रीमन्नारायण यांचा गांधीवादी आराखडा ३,५०० कोटींचा, खेडे आणि कुटिरोद्योग मध्यभागी ठेवणारा. यातली गंमत अशी की उद्योगपतींनीच सरकारने मोठी गुंतवणूक करावी, नियंत्रणे ठेवावीत असे मागितले. कोण कोणती व्यवस्था मागतो हे त्याच्या वर्गावरून सांगता येते असे मानणाऱ्याने हा आराखडा अवश्य पाहावा.

पुढची वाट योजना आयोगाची : १५ मार्च १९५० ची स्थापना, संसद मार्गावरचे योजना भवन, महालनोबिसांची अवजड उद्योगांवर भर देणारी दुसरी योजना, आणि तिच्याविरुद्ध बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये लिहिलेली एकट्याची भिन्नमतपत्रिका. १९६७ ते १९७१ या काळात आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. केंद्राची मदत राज्यांना मर्जीने न देता ठरलेल्या मापाने द्यावी, म्हणून त्यांनी सूत्र बांधले : लोकसंख्येला ६० टक्के वजन, उरलेले दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू मोठे सिंचन-वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांना दहा-दहा. नियोजन म्हणजे हुकूम, अशी समजूत असलेल्याने हे सूत्र पाहावे. त्यात हुकमापेक्षा वाटणीचे भांडण मिटवण्याची खटपट जास्त दिसते. १ जानेवारी २०१५ रोजी आयोगाच्या जागी नीती आयोग आला. पंचवार्षिक योजना बारावीबरोबर २०१७ मध्ये संपल्या.

प्रत्यक्ष शिकण्याच्या सोयींचा विचार थोडक्यात पुरे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात भारत, चीन आणि पाकिस्तान यांच्या विकासाची तुलना करणारे प्रकरण असे. तुलनेचा तो चांगला सराव आहे. ही पुस्तके इंग्रजी-हिंदीत आहेत. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके मराठीत आहेत आणि ती संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. इग्नूचे मुख्यालय मैदानगढीला आहे, तिथला अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतो. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये फुटपाथवरून उठून महिला हाटमध्ये गेला. जुन्या आवृत्त्या अजूनही तिथे स्वस्तात मिळतात. सरकारचा आर्थिक पाहणी अहवाल बजेटच्या आधी संसदेत येतो. तो सगळा वाचू नये. एक प्रकरण निवडून त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते शोधावे. महिनाभरात एक प्रकरण संपले तरी खूप झाले.

चुका होतात त्या साधारण ठरलेल्या जागी. शेअर बाजाराचे व्हिडिओ पाहणे म्हणजे अर्थशास्त्र शिकणे, ही पहिली आणि सध्या सगळ्यात पसरलेली. कोणता शेअर घ्यावा या प्रश्नाचा आर्थिक व्यवस्थेशी संबंध, कोणत्या डब्यात जागा मिळेल याचा रेल्वेच्या धोरणाशी असतो तेवढाच. दुसरी चूक एका पुस्तकाने बाटण्याची. तिसरी शब्दांची : महागाईचा दर खाली आला याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा नव्हे, त्या पूर्वीपेक्षा हळू महागत आहेत एवढाच. राजकोषीय तूट वेगळी, महसुली तूट वेगळी. अशा जोड्यांची वही ठेवणाऱ्याचा अभ्यास न ठेवणाऱ्याच्या पुढे जातो. चौथी चूक एकट्याने शिकण्याची. मराठी सार्वजनिक जीवनात अभ्यासमंडळाची परंपरा जुनी आहे. दोन-तीन माणसे पुरतात, फक्त त्यांतले एक तरी विरुद्ध मताचे हवे.

सरतेशेवटी राज्यघटना, कारण भारताची आर्थिक व्यवस्था कोणती याचे लिखित उत्तर लोक तिथे शोधतात. अनुच्छेद ३९ सांगतो की समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हिताला उपकारक ठरेल अशी वाटली जावी. या वाक्यातल्या ‘समाजाची’ या शब्दात खासगी मालमत्ता येते की नाही, यावर मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या मालकांची तक्रार नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप त्या व्याख्येत बसत नाही. ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने.

तो आधीच यावा असा प्रयत्न १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शाह यांनी संविधान सभेत केला होता. विरोध केला आंबेडकरांनी. ज्यांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये प्रमुख उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करून ते घटनेतच लिहावे असे सुचवले होते, त्यांनीच. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने ते कायमचे बांधू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आलेलीच आहे, हेही त्यांनी दाखवले. शाह यांची सूचना फेटाळली गेली. त्या दिवसाचे इतिवृत्त संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि या सूचनेवरची चर्चा वाचायला अर्धा तास पुरतो.